अर्विड स्लेटनचं अर्धं यंत्र

अर्विड स्लेटनला विचारल्याशिवाय मिनेसोटातल्या नॉरलंड गावात कुणी साधा टोस्टरसुद्धा घेत नसे. हार्डवेअरच्या दुकानात त्याने एकेचाळीस वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी गिऱ्हाइकाला वस्तू न घेण्याचं पटवण्यात घालवली. बर्फ उडवायचं यंत्र मागायला कुणी आलं की हा आधी चौकशी करायचा, दारापुढची वाट किती लांब आहे, पाठ दुखते का, आणि शेजाऱ्याशी बरं आहे का. शेजाऱ्याशी बरं असलं तर नुसतं फावडं देऊन परत पाठवायचा. मालक कपाळाला हात लावायचा, पण तेच गिऱ्हाईक चार दिवसांनी पुन्हा यायचं, म्हणून बोलत काही नसे.

निवृत्त झाल्यावरही लोकांचे फोन थांबले नाहीत. पिवळ्या कागदांची वही, पानाच्या मधोमध उभी रेघ, एका बाजूला ही वस्तू आणि दुसऱ्या बाजूला ती. त्याची बायको मार्डेल म्हणायची, "लग्नाआधी माझ्या नावाचंही असंच पान केलं असशील." अर्विडने ते कधी कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही.

मार्डेलला जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. रविवारी संध्याकाळी दोघं मिळून घोडे-बंदुकांचे सिनेमे बघायचे. ती अर्ध्यातच पेंगायची, जागी झाली की विचारायची, कोण मेलं, आणि अर्विड तिला पहिल्यापासून सगळं सांगायचा. सिनेमा त्याला आवडायचाच, पण हे सांगणं जास्त आवडायचं. आता रविवार आला की तो लवकर झोपून टाकायचा.

चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाला त्याच्या मुलीने, जोलीनने, भिंतभर टीव्ही आणून लावला. जुन्या प्लेअरचं चित्र त्याच्यावर पाणी घातलेल्या दुधासारखं दिसू लागलं. त्याच सुमाराला नव्या एचडी डिस्क निघाल्या होत्या, आणि त्या बघायच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे स्वतंत्र प्लेअर, पाचशे डॉलरचा, टीव्हीला जोडला की काम झालं. दुसरी म्हणजे दोनशे डॉलरचा छोटा ड्राईव्ह, पण तो गेम खेळायच्या कन्सोलला जोडावा लागायचा. कन्सोल नसला तर त्या ड्राईव्हची किंमत विटेइतकी. अर्विडच्या घरी कन्सोल नव्हता. तो होता जावयाकडे, ट्रॅव्हिसकडे.

ट्रॅव्हिस टेक्सासचा. मोठ्याने हसणारा, सासऱ्याला 'सर' म्हणणारा आणि ऑक्टोबरपासून थंडीला शिव्या घालणारा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात टर्की कापता कापता तो म्हणाला, "सर, तुम्ही नुसता ड्राईव्ह घ्या. रविवारी जोलीनची हॉस्पिटलात ड्युटी असते, मी घरात माश्या मारत बसतो. कन्सोल घेऊन येत जाईन. मिळून बघू सिनेमा."

अर्विडला मनातून फार आनंद झाला. "छे, छे," तो म्हणाला, "तू कशाला उगाच त्रास घेतोस."

"बरं, सर," ट्रॅव्हिस म्हणाला आणि त्याने बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं.

आता उत्तर मिनेसोटातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हे 'नको' नव्हतंच. तिथे कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'माझ्यासाठी म्हणून करू नका', आणि तिसऱ्यांदा 'केलेलीच असेल तर अर्धा कप'. मग खुशाल दोन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि एकदाच विचारून थांबणारा चिक्कू. ट्रॅव्हिस चिक्कू मुळीच नव्हता. त्याच्याकडे नको म्हणजे नको, एवढंच. अर्विड काटा हातात धरून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिला. टर्की संपली, गोड झालं, कॉफी झाली, सगळ्यांनी कोट चढवले, पण ते विचारणं काही आलं नाही.

मग त्याने वही काढली. रेघ मारली. प्लेअरची बाजू भराभर भरली. रिमोट सोबत येतो, वायरी कमी, पंख्याची घरघर नाही, आणि शेवटी, दुसऱ्या कुणाची गरज नाही. ड्राईव्हच्या बाजूला 'स्वस्त' एवढाच शब्द पडला. गावात कुणीही हे पान दाखवलं असतं तर अर्विडने डोळे झाकून प्लेअर घ्यायला सांगितलं असतं. ते शेवटचं वाक्य मात्र त्याने तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी साठ मैल गाडी हाकून तो डुलुथ शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेला आणि ड्राईव्ह उचलून काउंटरवर ठेवला. तिथल्या मुलीने विचारलं, कन्सोल कुठला आहे घरी? नाही, अर्विड म्हणाला. मग हा चालणार नाही, असं ती अदबीने म्हणाली आणि शेजारच्या प्लेअरकडे बोट दाखवू लागली. ते ठाऊक आहे मला, असं म्हणून अर्विडने पाकीट काढलं.

खोकं तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर तसंच पडून होतं. तो रोज फोनपर्यंत जायचा आणि परत यायचा. मागायचं कसं ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. जोलीनच्या फोनवर एकदा तो म्हणाला, टीव्ही चांगला आहे, एकट्याला जरा मोठा पडतो. ती घाईत होती, म्हणाली, सवय होईल.

नाताळच्या आधी ती घरी आली आणि खोकं बघून तिने डोक्यालाच हात लावला. "बाबा, अख्ख्या गावाला अक्कल शिकवता, आणि हे काय आणलंत? ट्रॅव्हिसच्या कन्सोलशिवाय हे—" बोलता बोलता ती थांबली. अर्विड खिडकीतून बर्फ बघत होता, बर्फात बघण्यासारखं काही नसताना. जोलीन शेवटी याच मातीतली. तिला काय ते कळलं, आणि घरी जाऊन तिने नवऱ्याला पुरतं तासलं, आणि इथल्या माणसाला तीनदा विचारायचं असतं हे बोटं मोजून शिकवलं.

त्याच रविवारी ट्रॅव्हिस दारात उभा राहिला, काखेत कन्सोल, मिशीवर बर्फ. अर्विडने 'कशाला, कशाला' म्हणत दार सताड उघडलं. वायरी लागल्या, घोडे धावले, बंदुका वाजल्या. ट्रॅव्हिस जिथे नको तिथे हसत होता आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारत होता. अर्विडला इतकं बोलायची सवय राहिली नव्हती, त्याचा घसा दुखला. फार बरं वाटलं त्याला.

सिनेमा संपल्यावर ट्रॅव्हिस वायरी काढायला वाकला आणि तसाच थांबला. "सर, कन्सोल इथेच राहू दे. मी हल्ली खेळत नाही फारसा. तुम्हाला रोज बघता येईल."

"नको," अर्विड म्हणाला.

हे पहिलं, ट्रॅव्हिसने मनात मोजलं. "राहू दे हो, खरंच. माझं काही अडत नाही."

"कशाला उगाच. नको."

दोन. ट्रॅव्हिस आता शहाण्यासारखा हसला. "मग ठेवूनच जातो, सर."

अर्विड उठला. त्याने स्वतः वायर काढली, नीट गुंडाळली आणि कन्सोल जावयाच्या हातात दिला. "नको म्हणजे नको," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तो इथे राहिला तर तू कशाला येशील?"

ट्रॅव्हिसने कन्सोल पुन्हा काखेत मारला. "पुढच्या रविवारी सहाला येऊ?" त्याने विचारलं.

"पाचला ये," अर्विड म्हणाला. "जेवायलाच ये."