त्राउदा मावशीचा तळमजला

माझ्या त्राउदा मावशीला शेजारणीच्या पडद्यांचा हेवा वाटतो. माझ्या आईच्या गुडघ्यांचाही वाटतो, कारण ते अजून दुखत नाहीत. पण हे सगळे किरकोळ हेवे. घाऊक हेवा एकच, वरच्या मजल्याचा.

पोलंडमधल्या रिब्निक गावाबाहेर, कोळशाच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजोबांनी बांधलेलं विटांचं दुमजली घर आहे. वाटणीत थोरल्या क्लारा मावशीला वरचा मजला मिळाला आणि धाकट्या त्राउदाला खालचा. घर तापवायला तळघरात कोळशाची भट्टी होती. पंपबिंप काही नाही. पाणी तापलं की आपणहून जाड पाइपांतून वर चढायचं, निवलं की उतरायचं. चढताना ते खाली रेंगाळायचं नाही, थेट क्लाराचे रेडिएटर गाठायचं. म्हणजे कोळसा एवाल्डकाकांना खाणीतल्या नोकरीत मिळालेला, भट्टीत घालणार तेच, राख उचलणार त्यांची बायको त्राउदा, आणि जानेवारीत अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये खिडकी किलकिली करून बसणार क्लारा.

"काय गं त्राउदा, आज एवाल्डने जरा जास्तच पेटवलंय का?" ती जिन्यावरून विचारायची. "माझी फुलझाडं सुकतील अशाने."

त्राउदा मावशी खाली दोन स्वेटर घालून हे ऐकायची. रविवारचं जेवणही वरच व्हायचं, कारण पाहुण्यांना थंडीत कशाला बसवा. पाहुणे म्हणजे आम्हीच. आम्ही त्राउदाच्या दारावरून "येतो गं मावशी" म्हणत वर जायचो आणि तीही आपल्या हातची लाल कोबीची भाजी घेऊन मागोमाग यायची. स्वतःच्या घराला वळसा घालून दुसरीकडे जेवायला जाणाऱ्या बाईचा चेहरा कसा असतो, ते मी लहानपणापासून पाहत आलोय.

मग एका वर्षी क्लारा पाठीच्या दुखण्यासाठी सॅनेटोरियममध्ये गेली. थंडी अजून यायची होती, भट्टी पेटायची होती. त्राउदाने नवऱ्याला कामाला लावलं. एवाल्डकाकांनी पत्र्याच्या चकत्या कापल्या, प्रत्येकीला मधोमध वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि वरच्या रेडिएटरच्या तोंडांत एकेक बसवली. पाणी वर जाईल, पण जरा विचार करून जाईल. क्लारा परत आली. त्या हिवाळ्यात तिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत आल्या. खालचं एक स्वेटर उतरलं. एवढ्यावर बहिणींमध्ये बरीच वर्षं शांतता नांदली.

गेल्या वर्षी कोळशाच्या भट्टीचे दिवस भरले. धुराने हवा खराब होते म्हणून नव्या कायद्याने ती काढायलाच लागणार होती. एर्विन फिटर आला, त्याने ते धूड तुकडे करून बाहेर काढलं आणि भिंतीवर कपाटाएवढा गॅसचा बॉयलर टांगला, पंपासकट. जुने रेडिएटर आणि जाड पाइप तसेच ठेवले. "असं लोखंड आता मिळत नाही," तो म्हणाला.

पहिली थंडी पडली आणि जग उलटं झालं. खाली भाजून निघावं इतकी ऊब, वर रेडिएटर जेमतेम कोमट. एर्विन आला, हवा काढून गेला. पुन्हा आला, पंपाचा वेग वाढवला, तर खालचा मजला आणखी तापला.

"पाण्याला आता ढकलणारा मिळालाय ना," तो डोकं खाजवत म्हणाला. "जिथं वाट मोकळी तिथं पळतंय. वर काय अडतंय, देव जाणे."

एवाल्डकाकांनी तोंड उघडलं.

"तुम्ही सूप घ्या," त्राउदा म्हणाली. काकांनी सूप घेतलं.

मावशीचे ते दिवस सोन्याचे होते. ती अर्ध्या बाह्यांत फिरायला लागली. जिन्याखाली उभी राहून हाक मारायची, "क्लारा, ये गं खाली, कशाला कुडकुडतेस? माझ्याकडे बस." 'माझ्याकडे' हा शब्द ती चघळून चघळून म्हणायची.

चूक इथंच झाली. क्लारा आली.

आधी विणकाम घेऊन आली. मग स्वतःचा तवा घेऊन, कारण त्राउदाच्या तव्याला चिकटतं. मग तिचा एप्रन दारामागच्या खुंटीवर राहायला लागला. रविवारचं जेवण आता खाली व्हायचं, पण मांसाची गुंडाळी तीच करायला लागली, आणि बटाट्याचे खळीवाले गोळेसुद्धा.

"खळी बघ कशी पडलीय," एवाल्डकाका तिसरा गोळा उचलत म्हणाले. "रस्सा कसा थांबतो बघ तिच्यात."

"माझ्यातनं कुठं वाहून जायचा?" त्राउदा म्हणाली.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

काका खाली मान घालून चौथा घेते झाले.

नाताळ झाल्यावर घरांना आशीर्वाद द्यायला फादर आले. वर पवित्र पाणी शिंपडून लगबगीनं खाली उतरले आणि त्राउदाच्या टेबलाशी ऐसपैस बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मावशीने नवा टेबलक्लॉथ घातला होता. फादरनी खसखशीचा केक खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "क्लाराबाई, तुम्ही आलात आणि या स्वयंपाकघरात जीव आला."

मी त्राउदा मावशीकडे बघितलं. तिचा चेहरा बॉयलरहून लाल झाला होता.

दुसऱ्याच दिवशी तिने एर्विनला बोलावलं. "वरच्या रेडिएटरची तोंडं खोलून बघ."

"कशाला? आत काय असणार?"

"बघ म्हटलं ना. यांनी कधीकाळी काही घातलं असेल. यांना सवयच आहे कुठंही काहीतरी घालायची."

एवाल्डकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, सगळं आपल्यावर ढकलल्याचं वाईट वाटलं असेल. पण नाही. "आत्ताच कशाला?" ते हळूच म्हणाले. "थंडी संपू दे की. क्लारा खाली बरी आहे."

संध्याकाळी वरचे रेडिएटर हात लावू देत नव्हते. क्लारा मूठभर चकत्या घेऊन खाली आली आणि टेबलावर ओतल्या. एकेक उलटसुलट करून पाहिली.

"भोकं अगदी गोल पाडलीयत एवाल्डने. याच्या डोक्यातनं हे निघणं शक्य नाही."

त्राउदा टेबलक्लॉथच्या सुरकुत्या काढायला लागली. 

"भांडणार नाही मी," क्लारा म्हणाली. तिने खुंटीवरचा एप्रन काढून घडी घातली, तवा उचलला. "फक्त रविवार माझा. पहिल्यासारखा, वर."

"आणि फादर?" त्राउदाने विचारलं.

क्लाराने तवा परत टेबलावर ठेवला. "फादर तुझे. पण केक मीच करणार."

"केक मी करीन."

"मग फादर पण वर."

घासाघीस बरीच झाली. शेवटी केक एक वर्ष हिचा, एक वर्ष तिचा, असं ठरलं. आता दोन्ही मजले सारखेच तापतात. रविवारी आम्ही वर जेवतो आणि त्राउदा मावशी टेबलाशी बसल्या बसल्या म्हणते, "वर जरा जास्तच गरम होतंय, नाही?" कुणी होकार दिला की तिला बरं वाटत नाही, नाही म्हटलं तर त्याहून वाईट वाटतं.