दोन संगणकांमधले साडूभाऊ

भांडणं मिटवायचा आमच्या साडूभाऊंइतका नाद असलेला माणूस अख्ख्या सुरतेत झाला नसेल. फक्त त्यांना माणसांची भांडणं दिसत नसत, संगणकांची दिसत. सत्तरच्या दशकात आम्हांला ठाऊक असलेले संगणक दोनच. एक साडूभाऊ नोकरीला होते त्या कॉलेजात, दुसरा पांडेसऱ्याच्या एका कापड गिरणीत, जिथे मी कारकून होतो. दोन्ही खोलीभर, दोन्ही भोकं पाडलेली कागदी फीत वाचणारे, पण कंपन्या निराळ्या. एकाचा ‘अ’ दुसऱ्याला ‘ढ’ वाटे. आमचं यंत्र दुपारनंतर रिकामं आणि कॉलेजात मुलांची रांग, हे साडूभाऊंच्या जिवाला लागलं. गिरणीच्या यंत्राने कॉलेजची फीत वाचावी आणि उत्तरं कॉलेजच्याच भोकांत परत द्यावीत, असा प्रोग्रॅम ते तीन वर्षं लिहीत होते. एका लग्नात त्यांनी मला पत्रावळीला भोकं पाडून हे समजावलं आणि माझी आमटी सतरंजीत गेली. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या थोरल्या मेहुणीबाई, अहिराणीत म्हणत, “यासले मशीनन्ही भाषा समजस, मन्ही समजत नही.” त्यावर साडूभाऊ गंभीरपणे विचारत, “अडचण नेमकी कुठल्या अक्षराला आहे?”

एकदा ऐन परीक्षेच्या आठवड्यात कॉलेजचा संगणक बंद पडला. नवागामच्या एका कामगाराच्या मुलीची गणितं अर्धी राहिली. सोमवारी प्रबंध दिला नाही तर वर्ष जाणार होतं, आणि वडील पुढं शिकवणार नव्हते. साडूभाऊंनी तिच्या फिती जेवणाच्या डब्यात घातल्या आणि तिला घेऊन थेट आमच्या गिरणीत आले. मॅनेजरांनी विचारलं, “भाई, आ चालशे?” “न चालायला काय झालं,” साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी फीत यंत्रात सरकवली. यंत्राने नुसती प्रश्नचिन्हं छापली. त्यांनी एक ओळ बदलली. पुन्हा प्रश्नचिन्हं. तिसऱ्या खेपेला, संध्याकाळी, उत्तरांची फीत सळसळत बाहेर आली. तिथल्या तिथे ती छापून घेऊन मुलीने हाताने केलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली. “काका, जुळतंय,” ती म्हणाली. साडूभाऊ खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

मुलगी पास झाली. पुढच्याच वर्षी कॉलेजने नवा संगणक घेतला, तो नेमका आमच्या गिरणीच्याच कंपनीचा. दोन्ही यंत्रांची भाषा एकच झाली आणि प्रोग्रॅमची गरज संपली. समारंभात नव्या यंत्राला हार घातला. साडूभाऊ मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. परतताना मी म्हटलं, “तुमची तीन वर्षं फुकट गेली.”

“नाही हो,” ते म्हणाले, “त्यात एक संध्याकाळ फार चांगली गेली.”

मग आम्ही सायकली हातात धरून बरंच लांब चालत गेलो.