दोन गळ्यांचा कोट

पेडण्याचे आत्माराम टेलर गेले. लोक अजून त्यांची एक चूक सांगतात. ती माझी आहे.

आज त्यांचा बारावा दिवस. माझे बाबा नाहीत, सासरेही नाहीत. आता कुणाला घाबरू? सुलभाला घाबरतो, पण ती माझ्या पोस्ट वाचत नाही.

राजभाषा मराठी की कोंकणी, या आंदोलनाचे दिवस होते. गोवा राज्य व्हायचं होतं. कधी रस्त्यावर झाडं आडवी, कधी बस बंद.

आणि नेमकं माझं लग्न ठरलेलं. मी पेडण्याचा, सुलभा डिचोलीची.

बाबा शाळामास्तर, कट्टर मराठीवादी. त्यांच्या मते सभ्य पुरुषाचा कोट एकच. काळा, बंद गळ्याचा.

सासरे खाणीच्या ऑफिसात, तितकेच कट्टर कोंकणीवादी. बारा महिने सूट आणि टाय.

साखरपुड्यातच दोघांचं वाजलं. भाषेवरून सुरू झालं ते माझ्या कोटावर आलं.

बाबा म्हणाले, "सूट घातलास तर मी मांडवात पाय ठेवणार नाही."

सासरे म्हणाले, "जांवय मास्तरावरी कोट घालून आयलो जाल्यार हांव मांडवांत रावचों ना."

लग्न मोडायची वेळ आली होती. खरंच.

मी आत्माराम टेलरांच्या, म्हणजे आमच्या आत्मारामबाबांच्या, दुकानात गेलो. म्हटलं, "बाब, मिटला तर बंद गळा, उघडला तर सूट, असो कोट शिवून दी."

ते टेप हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "ही फटवणूक, पुता."

"ना जाल्यार लग्न मोडतलें, बाब."

मग त्यांनी एका सुटाचं लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेली पट्टी, उचलून दाखवलं. त्यावर एकच काज असतं ना, ज्यात आपण फूल खोवतो? ते मुळात गळा बंद करायचं काज. समोरच्या कॉलरखाली बुतांव, म्हणजे बटण, लावलं की काम झालं.

काय कोट शिवला होता! दोन्ही बाजूंनी कुठे टाका दिसेना.

लग्नाच्या दिवशी पेडण्याहून निघालो तेव्हा गळा बंद, टाय आत दबलेली. बाबा खूश.

विधी सोवळ्यात झाले. संध्याकाळी रिसेप्शन. बाबा पंगतीला बसले हे बघून मी गळा उघडला. टाय बाहेर.

सासरे खूश. स्वतः गुलाब घेऊन आले. फूल खोवलं, आणि दुसऱ्या बाजूची कॉलर सारखी करताना त्यांच्या बोटाला बटण लागलं.

"हें कितें?"

त्यांनी कॉलर उलटी केली. तेवढ्यात हात धुऊन बाबा आले. त्यांनी टाय पाहिली.

बँडवालेसुद्धा थांबले.

आत्मारामबाब समोरच बसले होते, मीच आमंत्रण दिलेलं. दोघेही त्यांच्यावर तुटून पडले. मराठीसाठी भांडणारे माझे बाबा, राग आला की कोंकणीतच बोलायचे.

"कोणें सांगलें तुका हें?"

आत्मारामबाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"कोणेंच ना, मास्तर. गळ्याचें माप चुकलें. निस्तरपाक बुतांव लायलो."

बाबांना वाटलं बंद गळा बिघडला, सासऱ्यांना वाटलं सूट बिघडला. दोन्ही व्याह्यांचं तिथे पहिल्यांदा एकमत झालं. या टेलरला कोट येत नाही.

लग्न टिकलं. कोंकणी राजभाषा झाली, राज्य झालं. बाबा आणि सासरे पुढे एकत्र पत्तेही खेळले.

आत्मारामबाबांकडे मात्र कुणी कोट शिवायला टाकेना. तसला हात, आणि शेवटपर्यंत शाळेच्या चड्ड्या शिवल्या!

मी सूट शिवायला म्हापशाला जायचो. त्यांच्या दुकानासमोरून. मान खाली घालून. लाज वाटायची, तरी बोललो नाही.

आज सकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, काकींनी, खुर्ची दिली आणि विचारलं,

"पुता, ह्यांनी तुजो लग्नाचो कोट बिगडयल्लो, न्हय? म्हाकाय तेच सांगताले. माप चुकलें म्हूण."

स्वतःच्या बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं त्या माणसाने.

म्हटलं, "ना, काकी. माप सूतभरही चुकूंक नाशिल्लें. हांवें सांगलें तसोच तांणी शिवलो."

काकी त्यांच्या फोटोकडे तोंड करून रडल्या.

आत्मारामबाब, माफी मागायला फार उशीर केला. साश्रू नयनांनी तुम्हाला निरोप देतो.