दशमीचं पान आणि म्युनिकचं टेबल

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, त्याची माफी. शाळा चौथीत सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी आधीच मागून ठेवते. या घरात तशी सवय लागली आहे.

इंग्लंडात मिल्टन कीन्सला मुलाकडे आले ती नातीला सांभाळायला. गणपतीत इथल्या मराठी घरांतून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी आल्या. माझं बँकेत खातं नाही, पैसे सुनेच्या खात्यात गेले. त्यातून मला नवऱ्याचं श्राद्ध करायचं होतं. पितृपक्षातली दशमी ही त्यांची तिथी. स्टॅनमोरचे एक गुरुजी यायला तयार होते, फक्त अॅडव्हान्स पाठवायचा होता.

नवरा माणूस म्हणून चांगला नव्हता. दारूने लिव्हर गेलं, त्याआधी माझे दोन दात गेले. म्हणूनच श्राद्ध नीट व्हायला हवं होतं. चांगली माणसं उपाशी राहिली तरी रागवत नाहीत. यांना ताट वेळेवर मिळालं नाही तर काय व्हायचं, ते माझ्या पाठीला ठाऊक.

एका शनिवारी मुलगा, सून आणि मुलाचा मित्र लॅपटॉप उघडून बसले. म्युनिकला बिअरचा मोठा मेळा भरतो, तिकडे जायचं होतं. मी भजी तळत होते.

"टेबल आत्ता बुक केलं नाही तर उभ्याने प्यावी लागेल," मित्र म्हणाला.

"आणि हॉटेलं बघ, तिप्पट झालीत," सून म्हणाली. "शुक्रवार ते सोमवार धरू."

"त्या शुक्रवारी दशमी आहे," मी कढईपाशी उभी राहूनच म्हणाले.

"बाबांचं श्राद्ध," मुलाने मित्राला सांगितलं. "आई, सर्वपित्रीला करू ना. अमावास्येला सगळ्यांचं चालतं."

"बाबा असते तर आपल्या आधी विमानात बसले असते," सून म्हणाली.

"काकू, काळजी करू नका," मित्र म्हणाला. "काकांच्या नावाने तिथे एक मग ठेवू. कावळा आला नाही तर मी शिवतो."

सगळ्यांत जास्त माझा मुलगा हसला. लहानपणी बाप घरी आला की हाच पलंगाखाली लपायचा.

टेबलाचे पैसे आगाऊ भरायचे होते. "आई, तुमचे मोदकांचे वापरते हं, पगार झाला की देते," सून म्हणाली. मी मान हलवली. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. अॅडव्हान्स गेला नाही म्हणून गुरुजींनी दशमी दुसऱ्या घराला दिली. अमावास्या त्यांची आधीच भरली होती.

दशमीला मुलगा आणि सून म्युनिकला होती, नात माझ्याजवळ. मी खीर, वडे, आमसुलाची चटणी केली आणि पान मागच्या बागेत ठेवलं. कावळे शेजारच्या छपरावर बसून राहिले. खाली एकही येईना. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मागे बँड वाजत होता.

"आई, हा बाबांच्या नावाने," म्हणत त्याने मग तोंडाला लावला आणि मनगटाने फेस पुसला. अगदी बापासारखा.

फोन मी नातीच्या हातात दिला. कावळा शिवत नसला की मेलेल्या माणसाला वचन द्यायचं असतं. पुढच्या वर्षी मुलाकडून नीट करून घेईन, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून येईना. मी हळूच म्हणाले, "तुमचा मुलगा म्युनिकला आहे. तिकडे जा."

कावळा लगेच खाली उतरला.

सोमवारी दोघं परत आली. अमावास्या आली नि गेली. कुणी विषय काढला नाही, मीही नाही. तेव्हापासून मुलगा रोज संध्याकाळी कॅन उघडतो. पहिला संपेपर्यंत ताट समोर आलं नाही तर सुनेकडे नुसता बघत राहतो. आता वाढताना तिच्या हातातला डाव वाजतो. मला तो आवाज ओळखीचा आहे.

पगार झाल्यावर तिने पाकीट आणून ओट्यावर ठेवलं. "मोजून घ्या आई."

"पूर्ण आहेत ना?"

"एकूण एक," ती म्हणाली. तिचं लक्ष बाहेरच्या दाराकडे होतं.

मी पाकीट घेतलं. माझे सगळे पैसे फिटले.