आधी दार लावून घ्या

अख्ख्या नगर जिल्ह्यात असा एकही फाटा नसेल, की जिथलं पंक्चरचं दुकान आमच्या वहिनींना तोंडपाठ नाही. माणसं देवळं बघतात, धरणं बघतात. वहिनी खुणा बघतात. त्या पोलीस कंट्रोल रूममध्ये आहेत. अडलेल्या-नडलेल्यांचे फोन घ्यायचे, माणूस नक्की कुठं आहे ते काढून घ्यायचं आणि जवळची गाडी तिकडं पिटाळायची, हे त्यांचं काम. वर्दी घरी आल्यावर खुंटीला लागते, कामाची सवय काही खुंटीला लागत नाही. माझ्या साखरपुड्याला आम्ही सुप्याला निघालो, तर वाटेत त्यांनी तीनदा गाडी थांबवली, कारण एका भिंतीवरची बियाण्याची जाहिरात पुसून तिथं सिमेंटची आली होती, एका वळणावरचं रसवंतीगृह हललं होतं, आणि हे सगळं तिथल्या तिथं वहीत उतरवणं भाग होतं. तिकडं मुलीकडचे ताटकळलेले. पोहोचल्यावर माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "प्रवास कसा झाला?" तर ह्या म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स वळते का हो? मला तर नाही वाटत." तरीही साखरपुडा झाला, ही सासरेबुवांची मेहेरबानी.

घरात त्यांना सरळ काही सांगायची सोयच नाही. एकदा दादा बाहेरून ओरडला, "अगं, दूध उतू चाललंय." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कोणत्या शेगडीवर? डाव्या का उजव्या?" दादानं सांगितलं. "उजवी शेगडी, मोठं पातेलं, बरोबर?" एवढी खातरजमा होईपर्यंत दूध ओट्यावरून खाली उतरलं होतं. पण एक कबूल केलं पाहिजे, त्यांचा आवाज कधी चढत नाही. कुणी दारू पिऊन शिव्या घालो, कुणी रडो, ह्यांचं आपलं "बोला दादा, ऐकतेय मी." एक आजोबा रोज दुपारी फोन करून लाईट कधी येणार म्हणून विचारायचे. वहिनी म्हणायच्या, "बाबा, हा फोन जीव वाचवायचा आहे." त्यावर आजोबा म्हणायचे, "मग मोटार जळाल्यावर माझा जीव जाईल, तवा करू का?" पुढं चार दिवस त्यांचा फोन आला नाही, तर वहिनींना चैन पडेना. पाचव्या दिवशी आला, तेव्हा म्हणे ह्यांनीच आधी लाईट आली का ते विचारलं.

अशा ह्या हुशार बाईच्या हातून एकदा जी चूक झाली, ती मी जन्मभर त्यांना विसरू देणार नाही. त्यांचं माहेर सोनईचं. शिंगणापूर तिथून किती लांब? लहानपणी सायकलवर जायच्या. आणि एका दुपारी त्याच शिंगणापूरच्या शिवारातल्या वस्तीवरून एका बाईचा फोन आला. गडीमाणसं उसात, घरात ती आणि तिची दोनेक वर्षांची लेक, आणि अंगणात बिबट्या. शेळी धरून बसलेला. वहिनींनी ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं पहिलं वाक्य टाकलं, "ताई, आधी दार लावून घ्या. आतून कडी घाला."

"दार?" पलीकडून ती म्हणाली. "शिंगणापूरची वस्ती हाय ही, ताई. आमच्यात दारं नसत्यात. नुसती चौकट हाय."

वहिनी सांगतात, सोनईची पोर असून हे मला सुचू नये! मग म्हणाल्या, "कॉट आहे का?"

"लोखंडी हाय."

"उभी करून चौकटीला लावा. मागं पेटी, पिठाचा डबा, हाताला लागेल ते लावा. फोन ठेवू नका. आणि परात बडवा."

"पोरगी लई रडती हो."

"रडू द्या. मोठ्यानं रडू द्या. तुम्हीही ओरडा."

एकीकडं हे, दुसरीकडं वस्तीचा पत्ता. बाईला घाबरून नवऱ्याचं नावसुद्धा सांगता येईना. वहिनींनी विचारलं, कॉटच्या फटीतून काय दिसतं? पाण्याची टाकी. टाकीवर काय काढलंय? गुलाबी कमळ. बस, वहीत ते कमळ होतं. माहेरी जाताना एसटीतून टिपलेलं. गाडीवाल्याला त्यांनी बजावलं, "कारखान्याच्या रस्त्यानं जाऊ नका, उसाचे ट्रॅक्टर सोडणार नाहीत. कालव्याच्या चारीच्या कडेनं घाला." बावीस मिनिटं त्या बाईच्या कानाशी वहिनींचा आवाज होता. मधे एकदा ती म्हणाली, "ताई, त्यो उठला. हिकडं बघतोय." वहिनींनी एवढंच म्हटलं, "मी आहे. परात थांबवू नका." मग सायरन ऐकू आला, बिबट्या शेळी टाकून उसात गेला आणि फोन कट झाला. गाडीवाल्याचा निरोप आला, 'कॉल निकाली'. वहिनींच्या नोकरीत प्रत्येक गोष्ट ह्या दोन शब्दांपाशी थांबते, पुढचं कुणी कळवत नाही. त्या दिवशी घरी आल्या, आम्हाला हे सगळं सांगितलं आणि न जेवता झोपल्या. दार लावा म्हणाले मी, दार लावा, असं झोपेतसुद्धा बडबडत होत्या, असं दादा सांगतो.

ह्याला आता चारेक वर्षं झाली. परवा आम्ही शिंगणापूरला गेलो होतो. देवळाबाहेर नारळाच्या दुकानातली बाई म्हणाली, "चपला हितंच काढा ताई, कोन न्हेत न्हाई." आणि वहिनी जागच्या जागी थबकल्या. दगडालासुद्धा पत्ता विचारणारी बाई, पण नारळ मी घेतला, तेल मी घेतलं, ह्या नुसत्या उभ्या. बाईच्या मागं पाठीला दप्तर लावून एक पोरगी गोळी चघळत होती. वहिनी तिच्याकडं बघत राहिल्या.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तीच होती ती. तोच आवाज."

मी गाडी बंद केली. खरं सांगतो, मला त्या अख्ख्या बाजारात ओरडून सांगावंसं वाटलं, की ही आमची वहिनी आहे. "अहो, मग बोलला का नाहीत? चला, मी सांगतो तिला."

"नको भाऊजी. माझा आवाज तिनं त्या एकाच दिवशी ऐकलाय. पुन्हा ऐकला, तर तिला बिबट्याच आठवायचा."

मग त्यांनी पर्समधून वही काढली. मला वाटलं, नारळाच्या दुकानाची खूण लिहितायत. लिहून झाल्यावर वही मांडीवर तशीच उघडी ठेवून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, म्हणून मला वाचता आलं. पाण्याची टाकी, गुलाबी कमळ, अशी जुनी ओळ होती. तिच्यापुढं नव्या शाईत लिहिलं होतं, 'पोरगी शाळेत जाते.'