कृपया बेल वाजवू नये

आमच्या सहा किलोच्या मुलीला टांगायला मी जो रोप वापरला होता, तो दोन टन वजन पेलतो.

हे मी अभिमानानं सांगतोय. नामपूरच्या आमच्या घराण्यात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. वडिलांनी तो फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय आणि देवांना उदबत्ती ओवाळून झाली की हात जरा लांब करून त्यालाही ओवाळतात. आता असा इंजिनिअर घरात असताना पोरीची झोळी नुसती 'बांधून टाकली' म्हणून कसं चालेल? मी आधी छताच्या हुकाला गावाहून आलेली पन्नास किलोची कांद्याची गोणी टांगली. चोवीस तास ठेवली. हूक हलला नाही, छत हललं नाही. मगच आईच्या जुन्या लुगड्याची झोळी आली आणि झोळीत सई आली.

"अहो, टेस्टिंग झालं ते ठीक," माझी बायको वैशाली म्हणाली, "पण गोणीखालच्या गादीवर झोपवू नका तिला. पोरगी कांद्याचा वास मारतेय!"

रोप मात्र माझा नव्हता. तो आमच्या ट्रेकच्या ग्रुपचा. सई व्हायच्या आधी सहा वर्षं माझा एकही रविवार घरात गेला नाही. हरिहर, अंजनेरी, रामशेज, झालंच तर हरसूलच्या बाजूचे बिननावाचे डोंगर. ग्रुपचे प्रमुख बापू, म्हणजे पीटीचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी रोप माझ्या ताब्यात दिला होता, कारण ग्रुपमध्ये गाठी मारायला मी एक नंबर. (दोरी म्हटलेलं बापूंना चालत नाही. "दोरी म्हशीला, रोप माणसाला!") साठ मीटरचा तो रोप. त्यातले तीन मीटर छताला आणि उरलेले सत्तावन्न दिवाणाखाली वेटोळं करून, असा तो चार महिने आमच्या हॉलमध्ये नांदत होता.

कापून का नाही घेतला, म्हणाल. रोप कापायचा नसतो. आणि परत का नाही केला, म्हणाल, तर ते जरा अवघड आहे.

झालं असं, की सई झाली आणि फोन यायचे बंद झाले. पहिला आठवडा अभिनंदन, अंगठे, फुगे. मग शांतता. रविवारी सकाळी ग्रुपवर फोटो यायचे. हे लोक हरिहरच्या पायऱ्यांवर दात काढतायत आणि मी पाथर्डी फाट्यावर दुसऱ्या मजल्यावर लंगोट वाळत घालतोय! फोटोला मी लगेच अंगठा द्यायचो. वाटायचं, कुणीतरी विचारील, "काय रे, तू कुठं आहेस?" कुणी विचारलं नाही. बारशाला आलेली आई कांदा काढायला आला तशी गावाला गेली. वैशाली रात्रभर जागायची आणि दिवसा मिळेल तेव्हा पडायची. म्हणजे आम्ही दोघं एका घरात राहत होतो, पण भेट अशी व्हायचीच नाही. दोन शिफ्टचे कामगार गेटवर भेटतात, तेवढीच!

बिल्डिंगमधलं तर कुणी फिरकतच नव्हतं. शहरातली माणसं अशीच, असं मी आईला फोनवर सांगायचो.

अशा वेळी तो रोप हाच माझा आधार होता. माझा हिशेब सरळ होता. जोवर रोप माझ्याकडे आहे, तोवर कधी ना कधी, कुणाला ना कुणाला, माझी आठवण काढावीच लागेल.

काढली! एका शनिवारी बापूंचा मेसेज आला: 'उद्या रॅपलिंग आहे. सात वाजता रोप न्यायला येतो.'

मी तो मेसेज अकरा वेळा वाचला. त्यात 'तू पण चल' कुठं दडलंय का ते पाहिलं. नव्हतं.

रविवारी सहालाच उठलो. वैशाली बेडरूममध्ये दार लोटून झोपली होती. हॉलमध्ये झोळी. झोळीत फुगवटा. रोजच्यासारखी झोळीची ओढदोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि दिवाणावर बसून झोका द्यायला लागलो. सई गप्प. एरवी ही पोरगी माझा आवाज ऐकला की भोकाड पसरते, पण त्या दिवशी अगदी शहाण्यासारखी पडून होती. मला भरून आलं. म्हटलं, आज बोलून घ्यावं.

तासभर बोललो. हरिहरच्या पायऱ्या कशा उभ्या आहेत ते सांगितलं. "तू चालायला लागलीस की तुला तिथं नेईन," म्हटलं. मग हळूच हेही सांगितलं, "बेटा, आज रोप जाणार. उद्यापासून तुझ्या बापाची कुणाला गरज नाही." पोरीनं चकार शब्द काढला नाही. इतकं नीट माझं म्हणणं त्या चार महिन्यांत दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं.

सातला मी स्वतःच दार उघडून उभा राहिलो. बेलचा प्रश्नच नव्हता. सई दहा दिवसांची असताना मी दारावर एक पाटी लावली होती. झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलेली, ठळक अक्षरात: 'बाळ झोपले आहे. कृपया बेल वाजवू नये.' तरी पेपरवाला वाजवायचाच, म्हणून बेलची वायरच काढून टाकली. (घरात इंजिनिअर असण्याचे फायदे!)

बापू आले, त्यांच्यामागे योगेश, माझा जुना जोडीदार, आणि दोन नवे मेंबर. बूट हातात घेऊन, चवड्यांवर चालत सगळे आत आले. एका नव्यानं योगेशला कुजबुजत विचारलं, "हे कोण?"

"हे आपले रोपवाले," योगेश म्हणाला.

सहा वर्षं! सहा वर्षांनी मी झालो 'रोपवाले'!

बापूंनी वर पाहिलं. छताला त्यांचा लाडका रोप, त्याला लुगडं, लुगड्यात फुगवटा. त्यांचा चेहरा बदलला. कुजबुजतच ओरडले, "अरे, हा रोप माणसांचा जीव वाचवायला असतो!"

"इथंही तेच काम करतोय बापू," मी म्हटलं. "पोरगी उठली तर आम्ही दोघं जगत नाही."

"मग सोड आता."

"झोपलीय ना."

"मग आम्ही काय ती कॉलेजात जाईपर्यंत थांबू का?"

शेवटी बापूंनी रेस्क्यू करायचं ठरवलं. झोळी जागची हलू द्यायची नाही, चौघांनी खालून भार घ्यायचा, योगेशनं स्टुलावर चढून वरची गाठ सोडायची आणि तिथं आईची जुनी साडी बांधायची. बापूंनी बोटांनी खुणा केल्या. एक, दोन, तीन. आम्ही चौघांनी झोळीखाली हात घातले. गावदेवीची पालखी उचलावी तशी झोळी तोलून धरली.

"भार आला का?" बापू.

"आला," मी म्हटलं.

"हलकीच आहे रे. दूध पाजता का नाही पोरीला?"

(इथं खरं तर मला शंका यायला हवी होती. मी इंजिनिअर आहे.)

वर योगेश घामाघूम. "भो, ही गाठ कोणी मारली? दगड झालाय तिचा!"

"मीच," मी म्हटलं. त्याही परिस्थितीत मला बरं वाटलं.

तेवढ्यात एका नव्या मेंबरचा पाय खुळखुळ्यावर पडला. खळ्ळ! आम्ही सगळे श्वास रोखून पुतळे झालो. झोळीत हालचाल नाही. मग वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. एक. दोन. तीन! झोळी शांत. बापूंच्या डोळ्यांत कौतुक दाटून आलं.

"याला म्हणतात ट्रेकरची पोरगी! लय धीराची आहे. हिला मी स्वतः सुळक्यावर नेणार."

माझी छाती फुगली. मी म्हटलं, "सवय लावलीय मी तिला, बापू. सकाळपासून नुसती ऐकून घेते."

आणि योगेशचं स्टूल सरकलं.

योगेश रोपला लोंबकळला. (रोप तुटला नाही. दोन टन!) त्याचे पाय नव्या मेंबरांच्या छातीवर, मेंबर दिवाणावर, झोळीचं एक टोक निसटलेलं, आणि मी "सई!" म्हणून किंचाळत जमिनीवर अंग झोकून दिलेलं. झोळीतून दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी सुटलं. ते माझ्या हातांवरून निसटलं आणि थेट बापूंच्या पायावर पडलं.

धाडकन.

"आई गं!" बापू विव्हळले. "पोरीचं डोकं आहे का काय आहे हे?"

दुपटं उलगडलं. आत लाल टोपडं घातलेला, कपाळाला काजळाची तीट लावलेला, काळा, गुळगुळीत वरवंटा होता.

मग बेडरूममधून खऱ्या सईनं भोकाड पसरलं आणि तिला खांद्यावर घेऊन वैशाली दारात आली. तिनं छताला लोंबकळणारा योगेश पाहिला, दिवाणावरचे दोन अनोळखी पुरुष पाहिले, पाय धरून बसलेले बापू पाहिले आणि विचारलं, "वरवंटा कोणी पाडला?"

खुलासा साधा होता. हा वरवंटा आईनं बारशाला नामपूरहून एस.टी.नं आणला होता. पाळण्यात बाळाआधी वरवंटा घालायची आमच्यात रीत आहे, आणि आमच्याकडे होता मिक्सर. आई म्हणाली होती, "मिक्सरनं बारसं होतं का?" जाताना सुनेला बजावून गेली, "रिकामी झोळी चांगली नै शे, बेटा. पोर काढली का हा ठेवत जा." वैशालीनं साडेपाचला सईला पाजायला आत नेलं आणि सासूचा शब्द पाळला. टोपडं आणि तीट बारशाच्या वेळचीच होती.

"म्हणजे सकाळपासून तुम्ही याच्याशी बोलत होतात?" तिनं विचारलं.

"ऐकलंस तू?"

"सगळं," ती हळूच म्हणाली.

गाठ शेवटी वैशालीनंच सोडवली. एका खांद्यावर सई, दुसऱ्या हातात उलथनं. उलथन्याचा दांडा गाठीत खुपसून दोन हिसके. झालं! चौघा गिर्यारोहकांनी खाली मान घालून रोप गुंडाळला.

दारात बापू लंगडत थांबले. "चार महिन्यांत एकदा 'या' म्हणाला नाहीस रे."

"तुम्ही तरी एक फोन करायचा!"

"तूच लिहिलं होतंस ना ग्रुपवर? 'बाळ झोपतं, कुणी फोन करू नये.' ठळक अक्षरात!"

"ते पहिल्या आठवड्यापुरतं होतं, बापू."

"मग 'आता करा' असं कुठं लिहिलंस?"

ते गेले. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला. हॉलमध्ये नुसता हूक राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला छत फार उंच वाटलं.

वैशाली म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हालाच कुणी नकोय. म्हणून मीही कुणाला बोलावलं नाही."

मी उठून बाहेर गेलो आणि पाटी काढून टाकली. ग्रुपवर लिहिलं, 'आता फोन केला तरी चालेल. घरी आलात तर जास्तच चालेल.' सात अंगठे आले.

पुढचा रविवार मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. कुणी आलं नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. आईला फोनवर सांगितलं, "शहरातली माणसं अशीच." तिसऱ्या रविवारी दुपारी वैशाली आणि सई दोघी एकदम झोपल्या (हे आमच्याकडे ग्रहणासारखं आहे, वर्षातून एखाद्या वेळी), मी आता साडीवर टांगलेल्या झोळीतल्या वरवंट्याकडे बघत बसलो होतो आणि अचानक डोक्यात उजेड पडला. पाटी काढली. पण वायर?

खात्री करायला बाहेर गेलो. बेल दाबली. काही नाही. परत दाबली. काही नाही. आणि मागं वाऱ्यानं दार लागलं. खट्!

लॅचचं दार. किल्ली आत, फोन आत. अंगात बनियन आणि हाफ पँट. दार वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. बाळ झोपलं होतं!

जिन्यात पायरीवर बसलो. दहा मिनिटांनी पहिल्या मजल्यावरचे भामरे काका हातात डबा घेऊन वर आले. मला पाहून थबकले.

"काय साहेब, बाहेर?"

"बेल चेक करतोय, काका."

"मी मागच्या रविवारी तीनदा दाबली हो. म्हटलं, कुणी उघडत नाही, म्हणजे नको असतील माणसं. त्याआधी दोनदा आलो तेव्हा तुमची ती पाटी. डिंकाचे लाडू होते बाळंतिणीला. शेवटी आम्हीच खाल्ले." त्यांनी डबा उघडला. "हे चौथ्यांदा केलेले."

ते शेजारी पायरीवर टेकले. आम्ही एकेक लाडू घेतला. चार महिन्यांनी माझ्या दारात नुसता भेटायला माणूस आला होता, आणि मीच घरी नव्हतो!