कोळंबीची डावी बाजू

कर्जतच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा माझ्या ग्रंथालयाच्या बरोबर डोक्यावर होती. वर बेसिनचा नळ सुटला की खाली मला समजायचं, तस्लीमबाई आल्या. मी तिथे तेवीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यामुळे ही हकिगत काही डोळ्यांदेखत घडलेली आहे, तर काही त्यांनी आणि श्रद्धाने मला सांगितलेली.

तस्लीम मुकादम या प्रयोगशाळेत परिचर होत्या. कुलूप उघडायचं, काचेची भांडी धुवायची, बरण्यांमधलं अल्कोहोल कमी झालं की भर घालायची, प्रॅक्टिकलच्या वेळी मुलांसमोर ट्रे मांडायचे, हे त्यांचं काम. घराणं मूळचं रेवदंड्याकडचं. वडील सुलेमानभाई नेरळच्या बाजारात सुकी मासळी विकायचे. शाळा सुटली की तस्लीम दुकानात गोणपाटावर बसून जवळा निवडायची. जवळा वेगळा, करंदी वेगळी, त्यात आलेलं कोळंबीचं पिल्लू वेगळं. सुलेमानभाई रंगावरून ओळखायचे. ती मात्र डोक्यापुढच्या काट्यावरून ओळखायची आणि काट्याला दात किती, हेही सांगायची. सुलेमानभाई गिऱ्हाइकाला हसून म्हणायचे, "पोरगी दात मोजते, डॉक्टर होणार!"

डॉक्टर काही ती झाली नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला अ श्रेणी मिळाली, दहावी झाली आणि लग्न झालं. नवरा अब्रार टेंपो चालवायचा. मुलगी सदफ शाळेत जायला लागली तेव्हा तस्लीमबाई कॉलेजात लागल्या.

मग एका वर्षी कॉलेजांमधली प्राण्यांची चिरफाड बंद झाली आणि सगळा भार तक्त्यांवर आला. आमचे तक्ते इतके जुने की झुरळाचे पाय घड्यांमध्ये गेले होते. नवे मागवायचं पत्र ऑफिसात पडून राहिलं, तेव्हा तस्लीमबाईंनी विभागप्रमुखांना विचारलं, "मी काढून बघू काय?" त्यांनी काढलेला पहिला तक्ता मी पाहिलाय. छापील तक्त्यात नसलेले दोन काटे त्यांच्या झुरळाच्या पायावर होते. विभागप्रमुख म्हणाले, पुस्तकात तर हे नाहीत. बाईंनी बरणी पुढे केली. काटे होते.

श्रद्धा ठोंबरे आमच्याकडे शिकवायला आली ती पाच वर्षांपूर्वी. खालापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली एम.एस्सी. कर्जत-खालापूरच्या ओढ्यांमध्ये काय काय जगतं याची नोंद करायचं तिने मनावर घेतलं होतं. पळसदरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातून एक ओढा उतरतो. त्यातली बोटाच्या दोन पेरांएवढी, काचेसारखी आरपार कोळंबी तिने आणली आणि नेहमीच्या जातीचं नाव चिठ्ठीवर लिहून बरणी ठेवून दिली.

आठवड्याने तस्लीमबाई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, ही ती नाय."

"कोण ती नाही, मावशी?"

"चिठ्ठीवर लिवलीय ती. हिच्या काट्याला वरून दात हायत, खालून एक पण नाय. आणि अंडी बघा ना."

श्रद्धाने पाहिलं. मादीच्या पोटाखाली अंडी होती खरी, पण जेमतेम सोळा. एकेक मोहरीच्या बारक्या दाण्याएवढं. चिठ्ठीवर नाव होतं त्या जातीची मादी शेकड्यांनी अंडी घालते, तीही धुळीच्या कणासारखी. तिची पिल्लं प्रवाहाबरोबर खाडीपर्यंत वाहत जातात आणि मोठी होऊन परत चढतात. मोठी, मोजकी अंडी घालणारीची पिल्लं मात्र जन्मतःच आईसारखी दिसतात आणि आहे त्याच पाण्यात राहतात. म्हणजे ही कोळंबी तो ओढा सोडून कुठे जातच नसणार. अशी जात वेगळी असू शकते, आणि कुणी नोंदवलेली नसूही शकते.

त्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. वर्णन लिहायचं श्रद्धाने, आकृत्या काढायच्या तस्लीमबाईंनी. नवी जात मांडायची तर त्या जिवाचा एकेक अवयव सुटा करून दाखवावा लागतो. डोक्यापुढचा काटा, मिशा, जबडे, चालायच्या पायांच्या पाच जोड्या, पोटाखालच्या पोहायच्या पानांच्या पाच जोड्या, शेपटीचा पंखा. बाई सुईच्या टोकाने पाय सांध्यातून सोडवायच्या आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायच्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बारीक चौकटींची काच बसवली होती. तिच्यातून दिसेल ते चौकट-चौकट करून आलेखाच्या कागदावर उतरवायचं, मग पेनाने पक्कं करायचं. पुढच्या दोन जोड्यांच्या नांग्यांना टोकाशी केसांचे झुबके असतात. त्यांनीच ही कोळंबी दगडावरचं शेवाळ झाडून तोंडात घालते. त्या एका झुबक्याला बाईंना चार दिवस लागले. मी वर गेले तर मला म्हणाल्या, "बघा, अल्लानं हिच्या हातात झाडूच दिलाय."

सात महिन्यांत एकोणीस आकृत्या झाल्या. छापायला पाठवण्याआधी श्रद्धाने सगळं पुण्यातल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांना दाखवलं. त्यांचं उत्तर आलं, लेख चांगला आहे, पण चौदावी आकृती चुकली आहे. आणलेल्या कोळंब्यांमधल्या एकुलत्या नराच्या पोहायच्या पानांच्या पहिल्या जोडीला तस्लीमबाईंनी बाजूने फुटलेलं एक छोटं बोट दाखवलं होतं, टोकाला सूक्ष्म आकडे असलेलं. तज्ज्ञांचं म्हणणं, या गटात असं बोट दुसऱ्या जोडीला असतं. आकृती काढणाऱ्या व्यक्तीकडून पहिली आणि दुसरी जोडी अदलाबदल झालेली दिसते. दुरुस्त करा.

श्रद्धाने ते चाचरतच सांगितलं. "मावशी, कधी कधी होतं असं. काचपट्ट्या शेजारी शेजारी असतात..."

तस्लीमबाई एवढंच म्हणाल्या, "बघते." आणि भांडी धुवायला गेल्या.

दोन दिवस त्या सूक्ष्मदर्शकाजवळ फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत खाली माझ्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमाला एक सांगू? मला उजव्या डोळ्यानं धुरकट दिसतं. वरीस झालं. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू. मी कुणाला बोलले नाय."

"का नाही बोललात?"

"बोलले असते तर मॅडमनी काम थांबवलं असतं. मी डाव्या डोळ्यानं काढत होते. पण आता सर म्हणतात अदलाबदल झाली. झाली पण असंल. मला माझाच भरवसा नाय उरला."

इतकी वर्षं जी बाई पुस्तकाविरुद्ध बरणी पुढे करत आली, तिच्या तोंडी असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, श्रद्धाला सांगा. त्या लगेच उठल्या. मीही मागोमाग वर गेले.

श्रद्धाने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, मात्र हिरमुसली. "मला आधी सांगायचं ना मावशी," म्हणाली. जोड्या खरंच बदलल्या असतील तर बाकीच्या आकृत्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न तिघींच्याही मनात होता.

तस्लीमबाई एकदम कपाटाकडे वळल्या. त्या नराची बरणी काढली. "मॅडम, डावी बाजू बघा."

"म्हणजे?"

"मी फक्त उजवी बाजू सोडवते. डावीकडचे पाय, पानं, सगळं अंगाला तसंच हाय. त्याच्यात तर अदलाबदल होणार नाय ना? पण तुमी बघा. मी नाय बघणार."

श्रद्धाने कोळंबी बशीत घेतली, उलटी केली, भिंग सरळ केलं. तस्लीमबाई खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. श्रद्धाला पहिलं पान इतरांपासून अलग करून नीट धरायला बराच वेळ लागला. तिचे हात बाईंसारखे सराईत नव्हते.

"आहे," ती म्हणाली. मग मोठ्याने, "मावशी, आहे! पहिल्याच पानाला आहे. आकड्यांसकट!"

बाई वळल्या नाहीत. ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "एकच नर हाय. एकावरून सर मानणार नाहीत. आणखी पाहिजेत."

ते बरोबरच होतं. एखादा नमुना जन्मतः वेगळा असू शकतो. पण तेव्हा मे महिना संपत आला होता आणि ओढ्याचा डोह आटला होता. दोघी गेल्या तेव्हा दगडांवर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे उडत होते. तिथल्या कातकरी वाडीतली सोनुबाई सरपण घेऊन उतरत होती. श्रद्धाने तिला विचारलं, ते बारके झिंगे आता कुठे मिळतील?

"इथं कुठले आता?" सोनुबाईने मोळी खाली टाकली. "ते वर जातात. कपारीत पानी हाय. पर चढायला लागंल गं बाय. ह्या बाईला जमंल का?"

"चला तुमी," तस्लीमबाई म्हणाल्या.

तासभर त्या चढल्या. एका डोळ्याने खोली धड समजत नसल्यामुळे तस्लीमबाई पाऊल टाकण्याआधी दगड हाताने चाचपत होत्या. सोनुबाईने हे पाहिलं आणि पुढे हात दिला. वर, कड्याच्या पोटात, घमेलंभर पाणी होतं, गार आणि स्वच्छ. सोनुबाईने लुगड्याचा जुना तुकडा पाण्यात पसरला, कडेने पाणी हलवलं आणि उचलला. काचेचे तुकडे उडावेत तशा कोळंब्या फडक्यावर उडत होत्या. पोटाखाली अंडी होती त्या सगळ्या तस्लीमबाईंनी ओंजळीने परत सोडल्या. "लेकुरवाळ्या हायत," म्हणाल्या. उरलेल्यांतल्या तीस घेतल्या.

त्या तिसांत तेरा नर निघाले. तेराच्या तेरा नरांच्या पहिल्या पानाला ते बोट होतं. या वेळी प्रत्येकाची आकृती बाईंनी काढली आणि प्रत्येक आकृती श्रद्धाने स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिली.

हे सगळं कळवणारं पत्र गेल्यावर पुण्याचे सर स्वतः कर्जतला आले. सत्तरीचे गृहस्थ, हातात काठी. जिना चढून थेट सूक्ष्मदर्शकाशी बसले. मूळच्या नराची डावी बाजू पाहिली, मग एकामागून एक तेरा नर पाहिले. त्यात पाऊण तास गेला.

शेवटी त्यांनी चष्मा काढला. "चूक माझी होती," ते म्हणाले. "मी आकृती न पाहता पुस्तक पाहिलं." मग तस्लीमबाईंना विचारलं, "एकच बाजू सोडवायची, ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?"

"कुणी नाय, सर. आमच्याकडं बरणीत एकेकच जनावर असायचं. दोन्ही बाजू तोडल्या तर पुढच्या वर्षीच्या मुलांना काय दाखवणार?"

सर हसले नाहीत. त्यांनी उठून बाईंना नमस्कार केला. बाई इतक्या गोंधळल्या की त्यांनी उलट सलाम केला आणि चहा आणायला निघून गेल्या.

लेख छापून आला. नव्या जातीला श्रद्धा तस्लीमबाईंचं नाव देणार होती, पण बाईंनी साफ नकार दिला. "माझं नाव त्या पाण्यात काय करणार? जिथं ऱ्हाते तिथलं नाव द्या." तेव्हा ओढ्यावरून नाव ठेवलं. मात्र लेखाच्या डोक्यावर श्रद्धाच्या नावाशेजारी तस्लीम मुकादम हे नाव लेखिका म्हणून आहे. सदफने ते पान मोबाईलवर मोठं करून आईला दाखवलं, तेव्हा बाईंनी आधी विचारलं, "आकृती चौदा कुठल्या पानावर हाय?"

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभराने कामावर आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी छापलेल्या आकृत्या जुन्या नमुन्यांशी पुन्हा ताडल्या. शेपटीच्या टोकाच्या काट्यांत त्यांना एक जोडी कमी काढलेली सापडली. श्रद्धा म्हणाली, राहू द्या मावशी, एवढं कोण बघतंय. बाईंनी ऐकलं नाही. पुढच्या अंकात तीन ओळींची दुरुस्ती छापली गेली. तिच्याखाली तस्लीमबाईंचं एकटीचं नाव आहे. मी ग्रंथालयात तो अंक बांधून ठेवला आहे.

मी आता निवृत्त झाले. तस्लीमबाईंची अजून दोन वर्षं आहेत. परवा बाजारात भेटल्या, हातात भाजीची पिशवी. सातारच्या एका कॉलेजातून त्यांना फोन आला होता. तिथे डोंगरात एक खेकडा सापडलाय, त्याच्या आकृत्या काढून द्याल का, फोटो पाठवतो, असं विचारत होते.

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, फोटोवरून मी काढत नाय. खेकडा पाठवा." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सोमवारी येतोय."